एका कानाने ऐकलेला हुकूम

आमची चौकी उत्तरेच्या डोंगरात होती. मी सिग्नल्सचा नायक. हाताखाली एक सिग्नलमन, धनराज, सटाण्याकडचा. बंकरमध्ये आमच्याबरोबर पायदळाचे दोन जवान. सकाळी बॅटऱ्या तपासायच्या, तारेवरचा बर्फ झटकायचा आणि ठरल्या वेळी खाली कंपनी हेडक्वार्टरला रिपोर्ट द्यायचा, हे रोजचे काम.

खाली जाणारी टेलिफोन लाइन दोन तारांची होती. वरच्या चौकीला जाणारी मात्र एकाच तारेची, कारण दोन तारांपुरती तार नव्हती. अशा लाइनचा परतीचा रस्ता जमिनीतून असतो. दोन्ही टोकांना जमिनीत लोखंडी खुंटी ठोकतात आणि फोन तिला जोडतात. आम्ही तिला अर्थ म्हणायचो. ओल्या जमिनीतून आवाज जातो, गोठलेल्या जमिनीतून जात नाही. म्हणून खुंटीवर गरम मिठाचे पाणी ओतायचे. ते धनराजचे काम. त्याची किटली शेगडीवर कायम असे. पायदळाच्या एका जवानाने एकदा चहा समजून तोंडाला लावली होती. तेव्हापासून धनराज रोज ओरडायचा, "किटलीला हात लावू नका रे, ती तारेची आहे!"

फोनचा आवाज बारीक होता. ऐकायला कानटोपी वर करावी लागे आणि कान बधिर होई. धनराजने बिघडलेल्या ट्रान्झिस्टरचे भाग काढून छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि बिस्किटांच्या डब्यात बसवला. त्या दिवसापासून फोन सगळ्या बंकरला ऐकू येऊ लागला. मी सर्किट तपासले. जोड चोख होते.

मेजर साहेब इन्स्पेक्शनला आले.

"ये क्या है?"

"सर, फोनचा स्पीकर."

"ऑथराइज्ड है?"

"नहीं सर. पर काम का है."

"निकालो."

मला घासाघीस करायची सवय. मी म्हणालो, थंडी संपेपर्यंत राहू द्या. नाहीतर फक्त रात्रपाळीला. ते म्हणाले, "नायक, ये मंडी नहीं है." डबा पोत्यात घालून खाली स्टोअरला गेला.

त्याच आठवड्यात वादळ आले. बाहेर पडायला बंदी होती. दुपारी खालून मेजर साहेबांचा फोन आला. रिसीव्हर माझ्या कानाला होता. वरच्या चौकीवर बर्फाचा उतार सुटण्याचा धोका आहे, तिला ताबडतोब खाली बोलवा, असा निरोप होता. मी वरच्या लाइनचे हँडल फिरवले. उत्तर नाही.

"लाइन डेड है सर."

"अर्थ सूखा होगा. आदमी बाहर भेजो, गीला करो. बंदी है, पता है. मेरा ऑर्डर है."

"जी साहब."

बंकरमधल्या बाकीच्यांनी ऐकले ते माझे हे बोलणे. पलीकडचे फक्त मी ऐकले.

मी धनराजकडे पाहिले. त्याने किटली उचललीच होती.

"मी जास, उस्ताद," तो म्हणाला.

"दोर बांध."

"बांधना." त्याने कमरेची गाठ दाखवली.

थोड्या वेळाने तारेत खरखर झाली, लाइन जिवंत झाली आणि वरून आवाज आला.

"वरची चौकी, बोलो."

"तुरंत नीचे आओ. सब."

"सब?"

"सब. अभी."

ते सगळे सुखरूप उतरले. धोका त्यांच्या वरच्या उताराचा सांगितला होता. आधी सुटला तो आमच्या बाजूचा, आणि धनराज अजून बाहेरच होता. दोर तुटला. दुसऱ्या दिवशी आधी किटली सापडली, मग तो.

चौकशी बसली. मेजर साहेबांनी सांगितले, मी फक्त निरोप दिला, कोणाला बाहेर पाठवायला सांगितले नाही. दोन्ही जवानांना विचारले, हुकूम ऐकला का? ते खोटे बोलले नाहीत. म्हणाले, "नायक साहेबांचे 'जी साहब' ऐकले." मी टेबलावर हात आपटला आणि नको ते बोललो. माझे बढतीचे दार तिथे बंद झाले. ते माझ्या तोंडामुळे, त्याची तक्रार नाही. पण निकालात लिहिले, हुकूम नव्हता, अपघात. म्हणून युनिटच्या स्मारकाच्या दगडावर धनराजचे नाव नाही. त्यासाठी मी आजवर केलेल्या एकाही अर्जाला सरळ उत्तर आलेले नाही.

सुट्टीत मी सटाण्याकडे त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने एकच विचारले.

"हुकूम व्हता ना?"

"होता, माय."

"मंग लोकेसले सांग."

निवृत्तीनंतर मी मोटार वाइंडिंगचे दुकान काढले, कोणाच्या मेहेरबानीशिवाय चालवले आणि गुडघे गेल्यावर बंद केले. बायको गेली. मुलगी पुण्यात असते, रविवारी फोन करते. देवळाली कॅम्पच्या या घरात मी आता अ‍ॅम्प्लिफायर बनवतो. विकत नाही.

परवा द्वारका चौकातल्या भंगारवाल्याकडे ट्रान्सफॉर्मर घ्यायला गेलो.

"फौजी काका, डोळे झाकून घ्या. प्युअर कॉपर."

मी ब्लेडने तारेवरचे वार्निश खरवडले. आत पांढरे.

"हे तांबं का रे? अ‍ॅल्युमिनियम विकतोस मला?"

"काका, तुम्ही लय खोलात जाता. गाणं वाजलं म्हणजे झालं ना!"

"गाणं नाही वाजवायचं मला."

"मग काय वाजवता?"

मी आतल्या फळीवरचा खरा तांब्याचा काढायला लावला, आणि वर सेट गार ठेवणारे एक हीटसिंक फुकट घेतले. तो म्हणाला, "तुमच्यासारखे दोन आले तर मी गावी जाईन." मी म्हणालो, "जा की, मी दुकान घेतो." त्या दिवशी माणसाशी एवढेच बोलणे झाले.

काल तो अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण झाला. अंगणात नळाजवळ मी स्वतः खणलेला अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ आणि कोळसा भरलेला. आधी त्यात तांब्याभर पाणी ओतले. मग स्विच दाबला. अर्थ कच्चा असेल तर स्पीकरमध्ये घुमल्यासारखा आवाज येतो. आला नाही.

माइक हातात घेतला, आवाज पूर्ण वाढवला आणि प्रत्येक नव्या सेटवर म्हणतो तेच म्हणालो.

"आदमी बाहर भेजो. अर्थ गीला करो. मेरा ऑर्डर है."

भिंतीपलीकडून शेजारच्या बाई ओरडल्या, "अहो पाटील, कुणाला पाठवताय या उन्हात?"

इतक्या वर्षांत हे कोणीतरी पहिल्यांदाच विचारले. मी माइक खाली ठेवला नाही.

"सिग्नलमन धनराजला," मी म्हणालो. त्याचे नाव घरभर आणि गल्लीत गेले. "गेला तो, बाई. हुकूम होता म्हणून गेला."