बॉनेटवरचा कण

शेजारी खिडकीचे गज रंगवतायत. थिनरचा वास घरात शिरला आणि माझा हात कपाटातल्या लाल मोटारीकडे गेला. जुन्या काळच्या शर्यतीच्या गाडीची ही वीतभर प्रतिकृती. पत्रा कापण्यापासून चाकांच्या तारा ओवण्यापर्यंत सगळं मी नांदेडला घरी बसून, दोन वर्षं खपून केलं. रंगवायला मात्र लोहा गावच्या सलीमभाईंकडे दिली. ते रिक्षा रंगवायचे.

"आठ दिवसांनी या," म्हणाले. आठाचे वीस झाले. दुकानात गाडी दिसेना. विचारलं की "घरी हाय" एवढंच. माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. हा माणूस माझी गाडी समोर ठेवून दुसरी बनवून राहिलाय, नक्कीच.

एका दुपारी न सांगता त्यांच्या घरी धडकलो. भाभी अंगणात, रणरणत्या उन्हात, तीन विटांच्या चुलीवर भाकरी भाजत होत्या.

"आत जाऊ नका भाऊ. कोनालाच सोडू नको म्हनलेत."

मग तर माझी खात्रीच पटली. मी दार ढकललं.

घराला एकच खोली. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर ओली पोती अंथरलेली. मधोमध स्टुलावर माझी गाडी, ओल्या रंगात चकाकत होती. माझ्या पाठोपाठ अंगणातली धूळ आत आली.

कोपऱ्यात बसलेले सलीमभाई उठले. रागावले नाहीत. "देखलं ना भाऊ? आता दार लावा."

बॉनेटवरून बोट फिरवलं की एक बारीक कण अजून लागतो. सलीमभाई तो घासून पुन्हा रंगवायला तयार होते. मीच नको म्हणालो.