अळणी सोमवार

श्रावणी सोमवारी दुपारी डोळा लागू द्यायचा नाही, हा नेम मालनने कधी मोडलेला नाही. पण आज पहाटेपासून तिने कंबर टेकलेली नाही. मिठाविना केलेली वरीची पेज पोटात निवली आहे, आणि बाहेर आभाळ असं दाटून बसलंय की दुपार आहे की तिन्हीसांज, समजत नाही. देवापुढच्या दिव्यात तेल घालून ती भिंतीला पाठ लावते. पाठच तेवढी, डोळे उघडेच आहेत, असं ती स्वतःला बजावते. ज्योत लांब होते, आखूड होते, परत लांब होते.

दर्यात जायचं की नाही, याचं उत्तर तिने पोराला, विनूला, संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे. उद्या नारळी पौर्णिमा. बापाची होडी झावळ्यांखालून काढून पोराने तिला डांबर चढवलंय. सकाळी तो म्हणाला, "आये, तू हो म्हटलंस तर उद्या तुझ्याच हातान होडयेक कुंकू लाव. नाय म्हटलंस तर ईकून टाकतंय." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

"निजलंस काय गो? उपासाच्या दिवशी?"

आवाज चुलीकडून येतो. चुलीपुढे तिचा नवरा सदानंद उकिडवा बसलाय. विनू कडेवर होता तेव्हा तो दर्यात गेला. होडी परत आली, तो आला नाही. त्याच्या सदऱ्यातून पाणी निथळतंय आणि निथळायचं थांबत नाही. वय मात्र त्याचं तेव्हाचंच. आता शेजारी उभी राहिली तर ती त्याची थोरली बहीण दिसेल.

"निजूक नाय," ती म्हणते. "बसलंय."

"खोटा बोलतंस देवासमोर." तो पेजेचं भांडं ओढतो, बोट बुडवून चाखतो आणि थुंकतो. "अळणी. माझ्यासाठी मीठ सोडलंस म्हणे. तू सोडलंस आणि सगळा माझ्या वाट्याक इला."

मालन भांडं झाकून ठेवते. माहेरी तिला शिकवलं होतं, रागावलेल्या माणसाला आधी बोलू द्यावं.

तो उठतो. ती त्याच्यामागे परसदारी जाते, तर परसदारी देऊळ आहे. गाभाऱ्यात रवळनाथ उभा आहे, पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवलेल्या आहेत. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नको. गुरव नाही, घंटा नाही. पाणी मात्र घोट्यापर्यंत आहे.

"हय उभी हुतंस तू," सदानंद म्हणतो. "हात जोडून. उजवी कळी पडली. हसलंस. मी गेलंय. सांग आता, खंय रवलंय मी?"

"देवान जावा म्हटल्यान," ती हळू आवाजात सांगते. "परत येशात, असा नाय म्हटल्यान. ता आपण धरून चाललो."

"वकिली करतंस त्येची?"

"तुमच्याबद्दल त्येच्याशी भांडलंय तितक्या मी आयुष्यात कोणाशी भांडाक नाय."

तो हसतो. हसताना त्याच्या तोंडातून वाळू पडते. "मगे ऐक. पोराक मी राखतंय. खालून. दर्याचो तळ माका ठाऊक आसा, त्येका नाय. पण एका घरात दोन राखणदार नकोत. घरी जा, दिवो विझव, नेम सोड. नायतर पोराक माझ्याकडे धाडतंस असा समज."

पोर राखलं जावं, हेच तर मालनचं देवाकडे मागणं आहे. आणि देणारा परका नाही. तिच्या कपाळावर होतं त्या कुंकवाचा धनी आहे.

ती दिव्याकडे वळते. दिवा होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला आहे. ती दोघं होडीत बसली आहेत, चारी बाजूंना काळं पाणी, आणि घराची भिंत तेवढी अजून तिच्या पाठीला टेकलेली आहे. तिचा हात ज्योतीवर जातो.

"विझव," तो म्हणतो.

तिच्या हाताला ऊब लागते आणि तिला पेजेचा वास येतो.

"तुमी गेल्यार एका संध्याकाळी मी विनूक कडेवर घेतला नि पाण्यात चालत गेलंय," ती म्हणते. "ह्या कोणाक ठाऊक नाय. गुडघ्यावर पाणी इला. तेव्हा ता पोर माझ्या कानात म्हणाला, आये, पेज करपतली. त्येका धड बोलूक येय नसा. माका मागे फिरूक लागला, चुलीवरची पेज उतरवूक लागली. तेव्हा तुमी खंय हुतात?"

सदानंद सदऱ्याचं टोक पिळत राहतो.

"तुमी तर त्याच पाण्यात हुतात. तुमी नाय मागे फिरवलात. ज्येनी पोराच्या तोंडान फिरवल्यान, त्येचो दिवो मी विझवूचंय नाय. आणि राग मानू नका, पण तुमका तुमचाच अंग पाण्यावर धरूक जमला नाय. पोराक कसा धरशात?"

त्याचा चेहरा फुगतो, काळा पडतो. "माका इसारलंस," तो म्हणतो. आता तो आवाज त्याच्या एकट्याचा नाही, सगळ्या पाण्याचा आहे. "तुझो देव जितो आणि मी मेलंय." तो दिव्यावर झेप घेतो. ती ज्योतीभोवती दोन्ही हात धरते. मग त्याचा ओला, गार पंजा तिच्या तोंडावर बसतो आणि दाबत जातो. श्वास कोंडतो. ती डोळे मिटत नाही, ओंजळही सोडत नाही.

"आये."

दारात विनू उभा आहे. पायाला डांबर लागलंय. दिवा देवापुढे संथ जळतो आहे. जमीन कोरडी आहे.

"निजलंस? सोमवारी?" तो घाबरून विचारतो. मग म्हणतो, "काय ठरवलंस?"

"जा," मालन म्हणते. आवाज बसलेला आहे.

"देवळात कौल लावून येऊ?"

"नको. विचारू नको त्येका. सांगान जा. कुंकू मी लावतंय."

पोराचा चेहरा उजळतो, पण तो जात नाही. जवळ येऊन वाकून बघतो. "तुझ्या गालार काय लागला गो?"

ती हात लावते. एका गालावर चार, दुसऱ्यावर एक. वाळून पांढरे झालेले बोटांचे ठसे. ती ओठावरून जीभ फिरवते. खारट. इतक्या वर्षांचा अळणी सोमवार, आज मोडला.

विनू पाणी आणायला आत पळतो. मालन पदराने गाल पुसत नाही. नखाने हलकेच खरवडून ती ते मीठ तळव्यावर घेते, एक कणही खाली पडू देत नाही, आणि उठून देवापुढे दिव्याशेजारी ठेवते.

"पोर उद्या तुझ्या हवाली करतंय," ती देवाला सांगते. "आणि आता ह्यांका पण सांभाळ."