रोजचं पाणी

इचलकरंजीतील एका कापड रंगवण्याच्या कारखान्यासाठी सांडपाणी गाळणारे मेंब्रेन मला निवडायचे होते. या क्षेत्रात मी उशिरा आलेला आणि संकोची. चाचणीला दोन कंपन्यांची मेंब्रेन होती. त्यांपैकी एकीचा विक्रेता दिवसभर यंत्रापाशी येरझाऱ्या घाली आणि दर फेरीला दाबाच्या काट्यावर नखाने टिचकी मारी. ही ऑर्डर हुकली तर नोकरी जाईल, हे त्याने पहिल्याच चहाला सांगितले होते.

त्याचे मेंब्रेन उत्तम चालले होते, तरी त्याचा पाय ठरेना. अखेर तो कारखानदारांना म्हणाला, "मालक, निवळलेलं पाणी सोडताय व्हय?"

"व्हय की! परदूषण मंडळाचं कोल्हापूरचं सायेब येणार, त्यास्नी घाण कशी दावायची?"

"पावणं येणार म्हणून घर झाडल्यागत झालं की हे. रोजचं सोडा."

रोजचे खळीचे, रंगाचे पाणी आले. संध्याकाळपर्यंत त्याचेच मेंब्रेन तुंबले आणि काटा चढत गेला. त्याने शेवटची टिचकी मारली आणि तो माझ्याकडे वळला.

"आज न्हाय तर म्हयन्यानं तुंबलंच असतं. दुसरं घ्या, सायेब."

तो पुन्हा भेटला नाही. हल्ली एखादी चाचणी फार सुरळीत चालली की माझाही पाय ठरत नाही; मी उठून आधी पाणी येते त्या टाकीत डोकावतो.