यादीत न लिहिलेली गोष्ट

माझं माहेर रोह्याचं, म्हणून घरचे रेडिओ-मिक्सर मी शेजारच्या अष्टमी गावातल्या दुरुस्तीवाल्या काकांच्याच दुकानात न्यायचे. मशीनला हात लावण्याआधी ते आपल्याला सगळी हकीकत सांगायला लावत आणि डोळे मिटून ऐकत.

गणपती आठ दिवसांवर आले होते. मी नोकरी करायचे त्या हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यात कोणती मूर्ती कोणाची, हे फक्त कॉम्प्युटरमध्ये होतं आणि तो सुरूच होईना. सीपीयू मांडीवर घेऊन मी एसटीने अष्टमी गाठली. काय काय करून पाहिलं, त्याची यादी वाचली. प्रोसेसरचा वेग वाढवायला मीच बोर्डवरचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी चिमुकली टोपी, हलवला होता. तेवढं लाजेने लिहिलं नव्हतं.

त्यांनी झाकण काढून बॅटरीचा उजेड टाकला.

"ताई, सगळीकडे धूळ हाय. मग हा एकच जंपर चकचकीत कसा?"

त्यांनी चिमट्याने तो पूर्वीच्या जागी बसवला. दुकानातल्या मॉनिटरचा पडदा उजळला. सगळी नावं शाबूत होती.

तिथूनच मी कारखान्याच्या शेठना फोन लावला. "चूक कोणाची?" शेठ ओरडले.

त्यांनी रिसीव्हर माझ्या हातून घेतला. "माझी, शेठ. मागल्या टायमाला मीच जंपर सैल ठेवला."

तो कॉम्प्युटर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला होता.