खोडलेल्या तीन ओळी

मुलांनो, आजोबांच्या वह्या तुम्ही मागवल्यात. त्या पाठवण्याआधी हे सांगायलाच हवं.

वीज मंडळात असताना आजोबा विजेच्या लाइनचा रोध, म्हणजे तारेतून वीज जाताना होणारा अडथळा, तिच्या दोन्ही टोकांच्या मोजमापांवरून काढायचे. आकडे एकाच क्षणाचे लागत. बोईसरच्या टोकाचे ते स्वतः घेत, वाणगावचे फोनवर येत. माझं, तुमच्या आजीचं, अक्षर चांगलं, म्हणून पक्की प्रत मी करायची. त्या उन्हाळ्यात तीन दुपारी रोध फारच जास्त आला.

"वाणगावचं घड्याळ तिथल्या ऑपरेटरसारखंच, कायम मागे! खोडून टाक," आजोबा हसत म्हणाले.

मी पट्टी धरून कच्च्या वहीतल्या तीन ओळी खोडल्या आणि पक्क्या प्रतीत त्या घेतल्याच नाहीत.

घड्याळ बरोबर होतं, हे नंतर चौकशीत कळलं. तारेचा एक सांधा सैल होऊन तापत होता, म्हणूनच रोध वाढला होता. ओळी खोडल्यानंतर आठवड्याने तार तिथेच तुटून वाडीत पडली आणि चिकू वेचणारी बाई गेली.

तिची सासू मला बाजारात भेटली. "तुमच्या साहेबांना आधी कायच दिसला नाय का, बाय?"

"नाही," मी म्हणाले.

कच्ची वही माझ्याकडे आहे. पट्टीच्या रेघेखालचे तिन्ही आकडे अजून स्वच्छ वाचता येतात.