बापाचं रक्त

हे मी आजवर घरातसुद्धा बोललो नाही. गडचिरोलीच्या दवाखान्यात मी रक्त तपासायचो. तलावात मासे धरणारा एक बाप सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या पोरीला घेऊन आरमोरीकडून यायचा. प्रत्येक वाक्याशेवटी "समजलं का, भाऊ?" विचारायचा आणि उत्तराआधी स्वतःच मान हलवायचा.

एकदा म्हणाला, "पोरीचा कागद पाह्याचा बापाले हक आहे ना? मंग वाचून दाखवा. समजलं का, भाऊ?"

हक्क होताच. मी वाचला. तिथंच थांबायला हवं होतं. पण शहाणपण दाखवत पुढं बोललो, "हा आजार आईबाप दोघांच्याही रक्तातून आला तरच होतो. तुमचं रक्त मीच तपासलं, त्यात तर तो नाहीच."

बोलून झाल्यावर वर पाहिलं. दाराशी त्याची बायको उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला.

 तो बाही वर सारत म्हणाला, "म्हंजे माह्यं रक्त चांगलं आहे. चालत असंन तर पोरीले चढवा. बाप आहो मी तिचा."

त्यानंतर ती बाई दवाखान्यात कधी आली नाही. पोरीला तोच आणायचा. त्या बाईची माफी मी अजून मागितलेली नाही.