नितीनदादाचा कोरडा फिल्टर

नितीनदादा गेला, हे मला घरच्या ग्रुपवर कळलं. मी नांदेडला मेसमध्ये जेवत होतो. खाली लगेच फुलं, जोडलेले हात, "मनमिळाऊ स्वभाव"... मनमिळाऊ?! अरे, कोण लिहून राहिलंय हे! माझा आतेभाऊ होता तो, अहमदपूरचा, अन् त्याच्याइतका भांडखोर माणूस मी पाहिला न्हाई. कावीळ अंगावर काढली, तीही डॉक्टरशी भांडून. महिना होऊन गेला, माझा राग काही जाईना, म्हणून लिहितोय.

मी शाळेत असताना दुष्काळात त्याच्या गावच्या तळ्याचा तळ उघडा पडला, तेव्हा भेगा बुजवून आम्ही तिथं ट्रॅक केला होता. गाडी रिमोटची, पण खेळण्यातली न्हाई. नायट्रो इंधनावर चालणारं लिंबाएवढं इंजिन, खरा धूर, खरं बोंबलणं! टपरीवर मोठी माणसं नवीन जिल्हा कुठं होणार यावर भांडायची, आम्ही गाडीवरून. इंजिनात हवा जाते तिथं स्पंजाचा फिल्टर असतो, तो धुऊन, तेल लावून बसवायचा. मी साबण काढला तर दादा अंगावर आला, "आई टँकरमागं पळून राहिली अन् तू इथं फेस काढ! लाज हाय का?"

"बरं, नको धू. तेल तरी लाव."

"तेलाला धूळ चिकटती, येडपटा. कोरडाच बरा."

अरे, चिकटावी म्हणूनच तर तेल असतं! पण ऐकतो कोण... त्यानं स्पंज मांडीवर आपटला, झटकला अन् तसाच बसवला.

तळ्याची धूळ पिठासारखी. इंजिनानं ती पोटभर खाल्ली. संध्याकाळी चालू करायची दोरी ओढली तर सुळकन आली, कुठं अडलीच न्हाई. आतला पिस्टन अन् त्याची नळी घासून ढिली झालेली. अन् हा सगळ्या पोरांसमोर माझ्यावरच ओरडला, "यानंच इंधनाची सुई आवळली! इंधन कमी पडलं, इंजिन जाळलं यानं!" मी म्हणलं, "फिल्टर उघडून दाव सगळ्यांना." न्हाई उघडला. गाडी काखेत मारून निघून गेला. त्यानं एकदा 'माझं चुकलं' म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं. तेवढ्यावरून बोलणं तुटलं. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलो तरी "मीठ दे" तिसऱ्याच्या तोंडून.

दादाच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमलो, त्या दिवशी आत्यानं गाडी माझ्या हातात दिली. "घेऊन जा बाबा, कुणाला हात लावू देत नव्हता." मी आधी फिल्टर उघडला. धुतलेला, तेलानं ओलसर. मग दोरी ओढली... पिस्टन वरच्या टोकाला गेला अन् दोरी गच्च अडली. नवाकोरा पिस्टनच असा अडतो. म्हणजे यानं सगळं बदललं होतं!

"चालवली का त्यानं?"

"न्हाई. म्हणायचा, नवं इंजिन हळूहळू चालवून मऊ करावं लागतं, मला धीर न्हाई, ते त्याचं काम हाय."

"त्याचं म्हणजे? माझं नाव घेतलं?"

"नाव कशाला घेतोय तो..."

मग फोन करायचा ना, हरामखोरा! चुकलं म्हणायला तोंड नव्हतं, पिस्टन आणायला हात होते...

गाडी आता नांदेडला माझ्या टेबलावर आहे. रूमवरची पोरं म्हणतात, चालव की! एकदा चालवून मऊ केली की भांडण मिटलं असंच होईल, अन् मला एवढ्यात मिटवायचं न्हाई. रोज कॉलेजला जाताना नुसती दोरी ओढतो. वर जाऊन अडते. अडू दे.